आंतर-व्हीलॅन संपर्क दोषशोधन

आंतर-व्हीलॅन संपर्क दोषशोधन म्हणजे स्विचवर आधारलेल्या संगणक जाळ्यात एका आभासी स्थानिक जाळ्यातील, अर्थात व्हीलॅनमधील, उपकरणाचा दुसऱ्या व्हीलॅनमधील उपकरणाशी संपर्क का होत नाही, याचे कारण क्रमाने शोधण्याची पद्धत होय. व्हीलॅनचा हेतूच जाळ्याचे विभाग एकमेकांपासून वेगळे ठेवणे हा असतो. त्यामुळे दोन व्हीलॅनमध्ये संपर्क नसणे ही त्यांची मूळ स्थिती असून संपर्क होण्यासाठी राउटर किंवा राउटिंग करणारा स्विच आणि त्यावरील परवानगी या दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून अशा तक्रारीत पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘हा संपर्क असणे अपेक्षित होते काय’ हा असतो. त्याचे उत्तर होकारार्थी असल्यास पॅकेटच्या जाण्याच्या व परतीच्या मार्गातील नेमका कोणता टप्पा तुटला आहे, हे शोधणे म्हणजे दोषशोधन.

पार्श्वभूमी

साध्या इथरनेट स्विचला जोडलेली सर्व उपकरणे एकाच ब्रॉडकास्ट क्षेत्रात असतात. म्हणजे एका उपकरणाने सर्वांना उद्देशून पाठवलेली फ्रेम प्रत्येकापर्यंत पोहोचते. उपकरणांची संख्या वाढली की अशा फ्रेमचा भार वाढतो आणि प्रशासकीय संगणक व सर्वांसाठी खुले संगणक एकाच पातळीवर येतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतील बेलकोर या संस्थेत डब्ल्यू. डेव्हिड सिन्कॉस्की यांनी मोठ्या इथरनेट जाळ्यांच्या संदर्भात केलेल्या कामातून व्हीलॅनची कल्पना पुढे आली. आयईईई या संस्थेने ८०२.१क्यू हे मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध केले.

या मानकानुसार इथरनेट फ्रेममध्ये ४ बाइटची एक खूणचिठ्ठी घातली जाते. तिला टॅग असे म्हणतात. टॅगमधील १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. त्यातून ४०९६ मूल्ये मिळतात. ० आणि ४०९५ ही राखीव असल्याने ४०९४ क्रमांक वापरता येतात. ज्या पोर्टला संगणक, छपाईयंत्र किंवा कॅमेरा जोडतात त्याला प्रवेश पोर्ट म्हणतात आणि ते सामान्यतः एकाच व्हीलॅनचे असते. दोन स्विचांना जोडणारा आणि अनेक व्हीलॅनच्या फ्रेम टॅगसह वाहून नेणारा दुवा म्हणजे ट्रंक होय.

व्हीलॅनांमधील राउटिंग दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात एकाच ट्रंकने स्विचला राउटर जोडतात व राउटरच्या त्या एका पोर्टवर प्रत्येक व्हीलॅनसाठी उपपोर्ट तयार करतात. दुसऱ्या प्रकारात तिसऱ्या स्तरावरचा स्विच स्वतःच राउटिंग करतो आणि त्यावर प्रत्येक व्हीलॅनसाठी एक आभासी इंटरफेस असतो. त्या इंटरफेसचा आयपी पत्ता हाच त्या व्हीलॅनमधील उपकरणांचा गेटवे ठरतो.

वऱ्हाडातील संदर्भ

अमरावती हे महसूल विभागाचे मुख्यालय असून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे या विभागात येतात. केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये राज्यांच्या विस्तृत क्षेत्र जाळ्यांची योजना मंजूर केली. राज्य मुख्यालयापासून जिल्हा व तालुका स्तरापर्यंतची शासकीय कार्यालये किमान २ मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेने जोडणे हे तिचे उद्दिष्ट होते. उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी राष्ट्रीय ज्ञान जाळ्याचा प्रकल्प मार्च २०१० मध्ये मंजूर झाला. २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेले अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि १ मे १९८३ रोजी स्थापन झालेले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ ही या भागातील दोन विद्यापीठे होत. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून कार्यरत आहे.

शैक्षणिक परिसर, शासकीय कार्यालये, तसेच अकोल्यातील डाळ मिल व जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसारखे उद्योग यांच्या गरजा परस्परांहून भिन्न असल्या, तरी हिशेबाचे संगणक, सामान्य वापराचे संगणक आणि देखरेखीचे कॅमेरे वेगळे ठेवण्याची निकड सर्वत्र सारखीच असते. व्हीलॅन ही गरज स्वस्तात भागवते; कारण त्यासाठी प्रत्येक विभागाला स्वतंत्र स्विच व स्वतंत्र तारा लागत नाहीत.

पॅकेटचा मार्ग

दोषशोधनापूर्वी निर्दोष स्थितीत पॅकेट कसे जाते, हे ठाऊक असावे लागते. उदाहरणादाखल अमरावतीतील एका कल्पित महाविद्यालयाची पुढील रचना घेता येईल.

• व्हीलॅन १०, प्रशासन: १०.१.१०.०/२४, गेटवे १०.१.१०.१
• व्हीलॅन २०, संगणक प्रयोगशाळा: १०.१.२०.०/२४, गेटवे १०.१.२०.१
• व्हीलॅन ३०, ग्रंथालय: १०.१.३०.०/२४, गेटवे १०.१.३०.१
• व्हीलॅन ४०, कॅमेरे: १०.१.४०.०/२४, गेटवे १०.१.४०.१

चारही गेटवे एकाच केंद्रीय स्विचवर आहेत. प्रयोगशाळेतील १०.१.२०.३५ या संगणकाला ग्रंथालयातील १०.१.३०.५ या सर्व्हरशी बोलायचे आहे. तेव्हा पुढील घटना क्रमाने घडतात.

१. संगणक आपल्या सबनेट मास्कच्या साहाय्याने ठरवतो की गंतव्य आपल्या जाळ्याबाहेर आहे.
२. तो एआरपी विचारणा करून १०.१.२०.१ या गेटवेचा मॅक पत्ता मिळवतो.
३. फ्रेम प्रवेश पोर्टातून प्रयोगशाळेच्या स्विचमध्ये शिरते. तेथून ट्रंकवर जाताना तिला २० क्रमांकाचा टॅग लागतो.
४. केंद्रीय स्विच प्रवेशनियंत्रण यादी व राउटिंग तक्ता पाहतो, पॅकेटचे उरलेले आयुष्य दर्शवणारा आकडा एकाने कमी करतो आणि व्हीलॅन ३० मध्ये सर्व्हरचा मॅक पत्ता विचारतो.
५. पॅकेट नव्या फ्रेममध्ये, ३० क्रमांकाच्या टॅगसह, ग्रंथालयाच्या स्विचकडे जाते. शेवटच्या पोर्टावर टॅग काढला जातो.
६. सर्व्हर उत्तर पाठवतो, तेव्हा हीच सारी प्रक्रिया उलट दिशेने नव्याने होते.

या प्रवासात मॅक पत्ते बदलतात, पण आयपी पत्ते बदलत नाहीत. परतीचा मार्ग जाण्याच्या मार्गापासून स्वतंत्रपणे ठरतो, ही बाब दोषशोधनात विशेष महत्त्वाची आहे.

दोषशोधनाचा क्रम

तक्रारीची व्याप्ती

प्रथम बिघाड एका संगणकापुरता आहे, एका खोलीपुरता आहे, की संपूर्ण व्हीलॅनचा आहे, हे पाहतात. एकच संगणक बाधित असेल तर दोष बहुधा त्याच्या मांडणीत किंवा पोर्टात असतो. एका स्विचवरील सर्व संगणक बाधित असतील तर ट्रंकमध्ये. आणि सर्व इमारतींतील एकाच व्हीलॅनचे संगणक बाधित असतील तर गेटवे, राउटिंग किंवा प्रवेशनियंत्रणात. त्याच व्हीलॅनमधील दोन संगणकांचा आपसात संपर्क होत नसेल, तर राउटिंगची तपासणी करण्यात अर्थ नसतो. दोष त्याखालच्या स्तरावर असतो.

संगणकाची मांडणी

आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे या तीन गोष्टी तपासतात. गेटवे चुकीचा असल्यास स्वतःच्या व्हीलॅनमध्ये सर्व काही सुरळीत चालते आणि बाहेरचे काहीच चालत नाही. मास्कची चूक अधिक फसवी असते. २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० दिल्यास संगणकाला १०.१.३०.५ हा पत्ता शेजारचा वाटतो. तो गेटवेकडे न जाता स्वतःच्या व्हीलॅनमध्येच त्याची विचारणा करतो व उत्तर येत नाही. काही राउटर अशा विचारणेला दुसऱ्याच्या वतीने उत्तर देतात. तेव्हा चूक झाकली जाते आणि उपकरण बदलल्यावरच उघडकीस येते.

प्रवेश पोर्ट

संगणक ज्या पोर्टला जोडला आहे ते योग्य व्हीलॅनमध्ये आहे काय, हे स्विचवर पाहतात. सिस्कोच्या स्विचांवर यासाठी ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ ही आज्ञा वापरली जाते. तार एका छिद्रातून काढून शेजारच्या छिद्रात घातल्याने संगणक दुसऱ्याच व्हीलॅनमध्ये गेल्याची उदाहरणे नेहमीची आहेत. पोर्ट योग्य व्हीलॅनला जोडलेले असूनही ते व्हीलॅन त्या स्विचवर निर्माणच केलेले नसेल, तर फ्रेम पुढे जात नाही.

ट्रंक

ट्रंकवर तीन गोष्टी तपासाव्या लागतात: दुव्याची दोन्ही टोके ट्रंक म्हणूनच चालू आहेत काय, हवे ते व्हीलॅन परवानगीच्या यादीत आहे काय, आणि दोन्ही टोकांवरील मूळ व्हीलॅन एकच आहे काय. ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ या आज्ञेतून ही माहिती मिळते. टॅगविना येणारी फ्रेम ज्या व्हीलॅनची मानली जाते त्याला मूळ व्हीलॅन म्हणतात. एका टोकावर ते १ आणि दुसऱ्यावर ९९ असेल, तर एका व्हीलॅनची वाहतूक दुसऱ्यात शिरते किंवा दुवा त्या व्हीलॅनांपुरता रोखला जातो.

परवानगीच्या यादीत नवे व्हीलॅन घालताना होणारी एक चूक सर्वपरिचित आहे. सिस्कोच्या स्विचवर ‘ॲड’ हा शब्द विसरल्यास नवा क्रमांक यादीत वाढत नाही. तो जुन्या यादीची जागा घेतो. परिणामी एका विभागाला जोडताना त्या दुव्यावरील इतर सर्व विभाग तुटतात. हे काम दुरून करणाऱ्याचा स्वतःचा संपर्कही त्याच क्षणी तुटू शकतो.

गेटवे व राउटिंग

गेटवेचा आभासी इंटरफेस चालू आहे काय, त्याचा पत्ता व मास्क बरोबर आहे काय, हे ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ या आज्ञेने कळते. अनेक स्विचांत त्या व्हीलॅनचे किमान एक पोर्ट प्रत्यक्ष चालू असल्याखेरीज हा इंटरफेस चालू होत नाही. तिसऱ्या स्तरावरच्या काही स्विचांत राउटिंगची सोय सुरुवातीला बंद असते. तेव्हा प्रत्येक संगणकाला स्वतःचा गेटवे सापडतो, परंतु त्यापलीकडे कोणीच जाऊ शकत नाही. एका ट्रंकवरील राउटरच्या रचनेत उपपोर्टावरील व्हीलॅन क्रमांक चुकणे आणि मूळ पोर्ट बंद राहणे हे नेहमीचे दोष होत.

पत्त्यांचे वाटप

संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आलेले नाही असे समजावे. डीएचसीपीची विचारणा ब्रॉडकास्ट असल्याने ती व्हीलॅनची सीमा ओलांडत नाही. सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असल्यास गेटवेवर ती पुढे पाठवणारी सोय मांडावी लागते. नवीन व्हीलॅन तयार करताना ही सोय राहून जाते. याउलट, कोणी घरगुती वापराचा वाय-फाय राउटर आणून भिंतीवरील जोडणीत लावला, तर तो स्वतःच चुकीचे पत्ते वाटू लागतो. अशा वेळी संगणकाला पत्ता मिळालेला दिसतो, पण तो भलत्याच जाळ्याचा असतो.

प्रवेशनियंत्रण

प्रवेशनियंत्रण यादीतील नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा नियम लागू होतो. सिस्कोच्या पद्धतीत यादीच्या शेवटी सर्व काही नाकारणारा, लिहून न दाखवलेला नियम असतो. म्हणून केवळ एका सेवेला परवानगी देण्यासाठी लिहिलेली यादी इतर साऱ्या सेवा बंद करते. यादी इंटरफेसवर आत येणाऱ्या की बाहेर जाणाऱ्या वाहतुकीला लावली आहे, हेही पाहावे लागते. संगणकावरील फायरवॉल हा याच वर्गातील अडथळा आहे. विंडोज प्रणालीतील फायरवॉल अनेकदा केवळ स्वतःच्या सबनेटमधून आलेल्या पिंगला उत्तर देते. अशा वेळी राउटिंग निर्दोष असूनही दुसऱ्या व्हीलॅनमधून तपासणाऱ्यास ते बिघडल्यासारखे वाटते.

परतीचा मार्ग

गंतव्य यंत्रावर गेटवे मांडलेलाच नसल्यास विनंती पोहोचते, पण उत्तर परत येत नाही. कॅमेरे, छपाईयंत्रे व हजेरीयंत्रे यांच्या बाबतीत हे वारंवार घडते. कारण ती एकाच खोलीत वापरायची असे समजून गेटवेची जागा रिकामी सोडलेली असते. दोन जाळेपत्रे असलेला सर्व्हर भलत्याच वाटेने उत्तर पाठवतो, तेव्हाही मधली फायरवॉल ते नाकारू शकते.

पिंगच्या उत्तरांचा अर्थ

वरील उदाहरणात १०.१.२०.३५ येथून क्रमाने स्वतःचा गेटवे १०.१.२०.१, पलीकडचा गेटवे १०.१.३०.१ आणि शेवटी सर्व्हर १०.१.३०.५ यांना पिंग केल्यास दोषाची जागा बरीच आकुंचित होते.

• स्वतःचा गेटवे उत्तर देत नाही: मांडणी, प्रवेश पोर्ट, ट्रंक किंवा गेटवे इंटरफेसमध्ये दोष.
• स्वतःचा गेटवे उत्तर देतो, पलीकडचा देत नाही: राउटिंग बंद, पलीकडचा इंटरफेस बंद किंवा प्रवेशनियंत्रणाचा अडथळा.
• दोन्ही गेटवे उत्तर देतात, सर्व्हर देत नाही: पलीकडची ट्रंक, सर्व्हरचे पोर्ट, त्याचा गेटवे किंवा फायरवॉल.
• सर्व्हर पिंगला उत्तर देतो, पण सेवा चालत नाही: सेवा बंद, तिचा पोर्ट क्रमांक अडवलेला किंवा नावावरून पत्ता शोधण्यात अडचण.
• लहान पिंग जाते, मोठी फाइल अडकते: मार्गातील एखादे उपकरण मोठ्या फ्रेम टाकून देते. टॅगमुळे फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

दोन्ही गेटवे एकाच उपकरणावर असल्याने १०.१.३०.१ चे उत्तर आले म्हणजे ग्रंथालयापर्यंतची वाट नीट आहे, असे सिद्ध होत नाही. पॅकेट केंद्रीय स्विचच्या पुढे गेलेलेच नसते. विंडोजमध्ये ‘यजमान अप्राप्य’ या अर्थाचा संदेश स्वतःच्याच पत्त्यावरून आला, तर एआरपीला उत्तर मिळालेले नाही. तो गेटवेच्या पत्त्यावरून आला, तर पॅकेट तेथवर पोहोचून अडले आहे. केवळ वेळ संपल्याचा संदेश आल्यास पॅकेट किंवा त्याचे उत्तर वाटेत मूकपणे नाहीसे झाले, एवढेच समजते.

वीज व तापमान यांचे परिणाम

विजेचा पुरवठा खंडित होऊन पूर्ववत झाल्यावर उद्भवणारे दोष वेगळे ओळखता यावे लागतात. स्विचवर केलेला बदल तत्काळ लागू होतो, परंतु तो कायमस्वरूपी स्मृतीत जतन केला नसेल तर स्विच पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो. सिस्कोच्या अनेक स्विचांत व्हीलॅनची यादी वेगळ्या फाइलमध्ये तत्काळ साठवली जाते, तर पोर्टांची विभागणी मुख्य मांडणीत असते. त्यामुळे वीज गेल्यानंतर व्हीलॅन यादीत दिसतात, मात्र पोर्टे मूळच्या व्हीलॅन १ मध्ये परतलेली असतात. काही महिन्यांपूर्वी केलेला बदल आज कोणीही हात न लावता मोडला, असा भास यातून होतो. त्याचप्रमाणे स्विच अथवा डीएचसीपी सर्व्हर सुरू होण्याआधीच संगणक सुरू झाल्यास त्यांना पत्ता मिळत नाही.

अकोला व अमरावती येथे उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. कार्यालयांत वापरले जाणारे अनेक स्विच सभोवतालच्या सुमारे ४० ते ४५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठीच बनवलेले असतात. बंद पेटीत किंवा गच्चीलगतच्या खोलीत ठेवलेले उपकरण दुपारी वारंवार पुन्हा सुरू होत असेल, तर मांडणीपेक्षा उपकरणाच्या नोंदवहीतील वेळा व पंख्याची स्थिती आधी पाहणे उपयुक्त ठरते. ठरावीक वेळीच येणारा दोष हा बहुधा मांडणीचा नसतो.

दोन शहरांतील जोडणी

अमरावती व अकोला यांच्यात सुमारे १०० किलोमीटरचे अंतर आहे, तर तांब्याच्या इथरनेट तारेची मर्यादा १०० मीटर आहे. दोन्ही शहरांत शाखा असलेली संस्था दूरसंचार सेवादात्याच्या दुव्याने जोडली जाते आणि हा दुवा बहुतेक वेळा आयपी स्तरावरचा असतो. व्हीलॅनचा टॅग तो ओलांडत नाही. म्हणून अमरावतीचे व्हीलॅन २० आणि अकोल्याचे व्हीलॅन २० ही नावाने सारखी, परंतु पूर्णपणे स्वतंत्र क्षेत्रे असतात.

क्रमांक सारखे असणे हा दोष नाही. आयपी जाळे सारखे असणे हा मात्र दोष आहे. दोन्ही ठिकाणी १०.१.२०.०/२४ हेच जाळे वापरल्यास प्रत्येक बाजूच्या संगणकाला पलीकडचा पत्ता आपल्याच खोलीतला वाटतो आणि पॅकेट शहराबाहेर पडत नाही. अमरावतीसाठी १०.१ आणि अकोल्यासाठी १०.२ अशी विभागणी आरंभीच केल्यास हा प्रश्न उद्भवत नाही आणि पत्त्यावरून ठिकाणही ओळखता येते. याखेरीज दोन्ही बाजूंच्या राउटरांना एकमेकांकडील प्रत्येक जाळ्याची वाट माहीत असावी लागते. केवळ एका बाजूला वाट मांडल्यास परतीचा मार्ग तुटलेला राहतो.

चुकीचे उपाय

संपर्क तातडीने सुरू करण्याच्या दडपणाखाली काही उपाय योजले जातात, जे तक्रार मिटवतात पण जाळे दुबळे करतात. सर्व पोर्टे एकाच व्हीलॅनमध्ये टाकणे, प्रवेशनियंत्रण यादी काढून टाकणे, तिच्या आरंभी सर्वांना परवानगी देणारा नियम घालणे आणि दोन व्हीलॅनची पोर्टे एका तारेने थेट जोडणे हे त्यांतील प्रमुख होत. पहिल्या तीन उपायांनी प्रयोगशाळेतील कोणत्याही संगणकावरून परीक्षा विभागाच्या किंवा हिशेबाच्या संगणकापर्यंत वाट मोकळी होते. शेवटच्या उपायाने दोन ब्रॉडकास्ट क्षेत्रे एक होतात आणि वर्तुळाकार मार्ग तयार झाल्यास फ्रेम अखंड फिरत राहून संपूर्ण जाळे ठप्प होऊ शकते. राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेली स्पॅनिंग ट्री पद्धत असे वर्तुळ रोखण्यासाठीच आहे. परंतु वेगवेगळ्या व्हीलॅनची पोर्टे जोडल्यास किंवा मध्ये साधा स्विच असल्यास ती नेहमीच पुरेशी ठरत नाही.

या उपायांचा आणखी एक दोष असा की, त्यांनी मूळ कारण कळत नाही. संपर्क सुरू होतो तेव्हा विभागणीच नाहीशी झालेली असते आणि ती नंतर पूर्ववत केली जाईलच याची खात्री नसते. तपासणीसाठी एखादा नियम काही क्षण शिथिल करावाच लागला, तर तो एकाच पत्त्यापुरता मर्यादित ठेवून वेळेची नोंद करावी व लगेच पूर्ववत करावा, असा संकेत आहे. एका वेळी एकच बदल करणे आणि उपयोग न झाल्यास तो मागे घेणे हा दोषशोधनाचा मूलभूत नियम मानला जातो.

प्रतिबंध व अध्ययन

व्हीलॅनचे क्रमांक, नावे, आयपी जाळी व गेटवे यांचा एक तक्ता, ट्रंकचा आराखडा आणि ‘कोणत्या विभागाने कोणाशी बोलावे’ याची लेखी नोंद असल्यास तपासणीचा बराच वेळ वाचतो. या तिसऱ्या नोंदीशिवाय अडवलेली वाहतूक हा दोष आहे की धोरण, हे ठरवता येत नाही. मांडणीची प्रत स्विचबाहेर साठवणे, प्रत्येक बदलानंतर ती जतन करणे, न वापरलेली पोर्टे बंद ठेवणे आणि अनधिकृत डीएचसीपी रोखणारी सोय चालू करणे हे अन्य उपाय होत.

विद्यार्थ्यांना हा विषय प्रत्यक्ष स्विच नसतानाही शिकता येतो. सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या अनुकारक प्रणालीत वरील चार व्हीलॅनची रचना उभारून त्यात मास्क बदलणे, ट्रंकच्या यादीतून एक क्रमांक वगळणे किंवा सर्व्हरचा गेटवे पुसणे असे दोष मुद्दाम निर्माण करता येतात. प्रत्येक दोषात पिंगचे कोणते उत्तर येते हे टिपून ठेवल्यास लक्षणावरून टप्पा ओळखण्याचा सराव होतो.

हे सुद्धा पहा

• इथरनेट
• राउटर
• सबनेट मास्क
• डीएचसीपी
• स्पॅनिंग ट्री